राधानगरी ते गजापूर : कोल्हापूर परिसरातील सलोख्याच्या परंपरेचा एक विचार

महाराष्ट्रातील जातीय दंग्यांच्या अभ्यासकाला साधनांची उणीव भासत नाही. १९७० साली भिवंडी, जळगाव व महाड येथे झालेल्या दंग्यांविषयी न्यायमूर्ती मादन आयोगाचा अहवाल आणि १९९२-९३ च्या मुंबईतील दंग्यांविषयी न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगाचा अहवाल हे दोन्ही उपलब्ध आहेत. दंगा कसा पेटला, पोलीस केव्हा पोचले, हानी किती झाली, या प्रश्नांची उत्तरे त्यांत शोधता येतात. परंतु दंगा शमल्यावर, किंबहुना तो चालू असतानाही, शेजारच्या माणसांनी काय केले, पीडितांच्या बाजूने कोण उभे राहिले आणि कोणत्या आधारावर उभे राहिले, हा प्रश्न इतिहासलेखनात बहुधा एखाद्या परिच्छेदापुरता येतो. तो जणू काही सद्भावनेचा विषय आहे, इतिहासाचा नव्हे, अशी समजूत यामागे दिसते. प्रस्तुत लेखात कोल्हापूर परिसराच्या संदर्भात या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. पीडित मुसलमान शेजाऱ्यांच्या बाजूने उभे राहण्याची वृत्ती या भागात आयत्या वेळी निर्माण झालेली नाही. तिला शब्दांचा, संस्थांचा व व्यवहाराचा दीर्घ आधार आहे. तथापि हा आधार आपोआप कार्य करीत नाही, आणि तो जेथे झिजला तेथे सद्भावना घाव बसल्यानंतरच पोचते, हे येथील अलीकडच्या घटनांवरून स्पष्ट होते.

१. शब्दांची साक्ष

एखाद्या समाजाने परस्परसंबंधांची कल्पना कशी केली आहे हे त्याच्या शब्दांवरून पुष्कळ अंशी कळते. हिंदु-मुसलमानांच्या संबंधांविषयी गेल्या शतकात मराठीत जे शब्द रूढ झाले त्यांत 'ऐक्य', 'सद्भावना' आणि 'सलोखा' हे तीन प्रमुख होत. 'ऐक्य' हा राजकारणाचा शब्द आहे. १९१६ च्या लखनौ कराराच्या सुमारास आणि पुढे खिलाफत चळवळीच्या काळात तो वृत्तपत्रांतून व व्याख्यानांतून सर्वत्र दिसतो. ऐक्य हे दोन समाजांचे असते, आणि ते बहुधा पुढाऱ्यांनी घडवून आणावयाचे असते. पुढाऱ्यांचे बिनसले की ऐक्य मोडते. 'सद्भावना' हा शब्द मनाच्या अवस्थेचा वाचक आहे. व्यवहाराविषयी तो फारसे काही सांगत नाही.

'सलोखा' या शब्दाचा प्रवास अधिक उद्बोधक आहे. अरबीतून फारसीच्या मार्गाने मराठीत आलेला 'सलूख' हा शब्द ऐतिहासिक पत्रव्यवहारात तह, समेट या अर्थाने येतो. त्याचेच मराठी वळण म्हणजे 'सलोखा'. दरबारातील तहनाम्यातून उतरून हा शब्द घराघरांत आला आणि भावाभावांतील, जावाजावांतील, वाड्यावाड्यांतील गोडीगुलाबीच्या संबंधांना लागू झाला. फारसी-अरबी शब्दांचे मराठीतील स्थान माधवराव पटवर्धन यांनी १९२५ साली प्रसिद्ध केलेल्या 'फार्शी-मराठी कोशा'मुळे अभ्यासकांच्या दृष्टीसमोर आले. हेच पटवर्धन, म्हणजे कवी माधव जूलियन, पुढे कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात प्राध्यापक होते. शेजाऱ्याशी गुण्यागोविंदाने राहण्यासाठी मराठी माणूस जो शब्द सहजपणे वापरतो तोच मुळी या दोन संस्कृतींच्या संपर्कातून आलेला आहे, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे.

याच्या जोडीला 'शेजारधर्म' हा शब्द ठेवावा लागेल. या समासातील 'धर्म' म्हणजे उपासनापंथ नव्हे, कर्तव्य होय. शेजारधर्म शेजाऱ्याचा पंथ विचारीत नाही. शेजारच्या घरी आजारपण आले, मृत्यू झाला, आग लागली तर धावून जाणे हे त्यात गृहीत असते, आणि त्याबद्दल उपकाराची भाषा कोणी करीत नाही. दंग्यानंतरच्या सहानुभूतीला जेव्हा दानाचे किंवा औदार्याचे रूप येते तेव्हा पीडित हा आश्रित ठरतो. तिला शेजारधर्माचे रूप असेल तेव्हाच तो बरोबरीचा राहतो. हा भेद केवळ शब्दांचा नाही, हे पुढील विवेचनावरून दिसेल.

गावाच्या रचनेतही याला आधार होता. त्रिंबक नारायण आत्रे यांनी 'गावगाडा' या १९१५ च्या ग्रंथात जी ग्रामव्यवस्था वर्णिली आहे तीत मुलाणा हा गावाचा बलुतेदार म्हणून येतो. म्हणजे गावकीत मुसलमानाला परंपरेने नेमून दिलेले काम व हक्काचा वाटा होता. ही व्यवस्था समतेची नव्हती. तिच्यात उच्चनीचता भरलेली होती, आणि तिचा गौरव करण्याचे कारण नाही. परंतु तीत मुसलमान हा परका नव्हता एवढे निश्चित. पश्चिम महाराष्ट्रातील मुसलमानांची आडनावे हेच सांगतात. शिकलगार, पिंजारी, तांबोळी, बागवान, अत्तार, मणेर, मुजावर ही सर्व आडनावे गावातील कामावरून आली आहेत. पाटील व देसाई अशी वतनावरून आलेली आडनावेही मुसलमान घराण्यांत आढळतात.

२. राधानगरी आणि मुस्लिम बोर्डिंग : एकाच धोरणाची दोन अंगे

कोल्हापूर संस्थानात या जुन्या गावकीला आधुनिक संस्थेचे रूप देण्याचे कार्य राजर्षी शाहू छत्रपतींनी (१८७४-१९२२) केले. सह्याद्रीच्या कुशीत भोगावती नदीवर धरण बांधून संस्थानाच्या शेतीला पाणी देण्याची त्यांची योजना विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात आकाराला आली. धरणाजवळील वसाहतीला त्यांनी आपल्या कन्या राधाबाई यांच्या नावावरून राधानगरी हे नाव दिले आणि जलाशयाला महाराणी लक्ष्मीबाईंचे. धरणाचे काम पैशाअभावी रखडले. राजर्षींच्या हयातीत ते पुरे झाले नाही. ते पूर्ण झाले स्वातंत्र्यानंतर, १९५० नंतरच्या दशकात.

राधानगरीचा उल्लेख बहुधा जलसिंचनाच्या इतिहासात होतो, आणि शाहूकालीन वसतिगृहांचा शिक्षणाच्या इतिहासात. या दोहोंचा एकत्र विचार केला तर वेगळी संगती लागते. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग व दिगंबर जैन बोर्डिंग निघाले; २६ जुलै १९०२ रोजी मागासलेल्या वर्गांसाठी सरकारी नोकऱ्यांत निम्म्या जागा राखून ठेवण्याचा हुकूम निघाला; १९०६ मध्ये मोहमेडन एज्युकेशन सोसायटीची स्थापना होऊन मुसलमान विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाची सोय झाली; १९०७ मध्ये वीरशैव लिंगायत विद्यार्थ्यांसाठी आणि १९०८ मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग उघडले. राधानगरीच्या योजनेचा आरंभ याच काळातील आहे. पाणी आणि विद्या यांचा वाटा सर्वांना मिळावा, आणि तो कोणाच्या कृपेवर अवलंबून न राहता बांधीव संस्थेतून मिळावा, असे हे धोरण होते.

मुसलमानांच्या बाबतीत राजर्षींनी आणखी एक पाऊल पुढे टाकले. मुसलमान समाजातून शिक्षणासाठी पुढाकार घेणारी मंडळी थोडी आहेत हे पाहून त्यांनी प्रमुख मुसलमानांची सभा बोलावली आणि स्थापन झालेल्या सोसायटीचे अध्यक्षपद स्वतः स्वीकारले. इतर जातींच्या संस्था त्या त्या समाजाच्या धुरीणांनी चालविल्या, छत्रपतींनी त्यांना साह्य केले. येथे मात्र छत्रपती स्वतः संस्थेचे अध्यक्ष झाले. कोल्हापूरच्या दसरा चौकातील मुस्लिम बोर्डिंग ही या कार्याची प्रत्यक्ष खूण होय. दसरा हा संस्थानाचा राजोत्सव, आणि त्याच चौकात हे वसतिगृह. शहराच्या मध्यवर्ती जागी मुसलमान विद्यार्थ्यांचा वाटा अशा रीतीने दृश्य झाला.

कलेच्या क्षेत्रातही हेच दिसते. जयपूर-अत्रौली घराण्याचे प्रवर्तक उस्ताद अल्लादियाखाँ यांना राजर्षींनी दरबारगायक म्हणून आश्रय दिला. त्यांचे चिरंजीव भूर्जीखाँ अंबाबाईच्या देवळात गायनसेवा करीत. कोल्हापूरकरांना यात काही विशेष वाटत नसे. परंपरा खरी रुजलेली असते तेव्हा तिच्याविषयी कोणी बोलत नाही. तिचा उच्चार करावा लागतो तो ती संकटात आल्यावर.

३. पुणे व कोल्हापूर : १८९४ चे वळण

कोल्हापूरचे वेगळेपण समजण्यासाठी पुण्याशी तुलना करणे उपयुक्त होईल. एकोणिसाव्या शतकात पुण्यात मोहरमच्या ताबुतांत हिंदूंचा मोठा सहभाग असे. ऑगस्ट १८९३ मध्ये मुंबईत मोठा हिंदु-मुसलमान दंगा झाला आणि त्याचे पडसाद दख्खनभर उमटले. १८९४ मध्ये पुण्याच्या हिंदूंनी ताबुतांवर बहिष्कार घातला, आणि सार्वजनिक गणेशोत्सवाने ती जागा घेतली. उत्सवाच्या या स्थित्यंतराची राजकीय कारणे अनेक आहेत. त्यांचा ऊहापोह येथे करण्याचे प्रयोजन नाही. शेजारसंबंधांच्या दृष्टीने पाहता, ज्या प्रसंगी दोन्ही समाज एका मिरवणुकीत येत तो प्रसंग पुण्यात नाहीसा झाला, एवढी नोंद पुरेशी आहे.

त्याच वर्षी, २ एप्रिल १८९४ रोजी, शाहू छत्रपतींनी कोल्हापूरच्या राज्यकारभाराची सूत्रे हाती घेतली. कोल्हापुरात पुण्याचे अनुकरण झाले नाही. येथील तालमींत मोहरमचे पंजे बसविण्याची चाल पुढेही टिकली. तालीम ही केवळ कुस्तीची जागा नव्हे. पेठेचे सार्वजनिक जीवन तिच्याभोवती चालते. बाबूजमाल तालमीचा पंजा शहरात प्रसिद्ध आहे, आणि अनेक तालमींच्या पंजांची सेवा हिंदू कार्यकर्ते करतात. २०१८ ते २०२० या तीन वर्षांत मोहरम व गणेशोत्सव एकाच सुमारास आले, तेव्हा गणपती व पीर शेजारी शेजारी बसल्याचे दृश्य कोल्हापुरात पाहावयास मिळाले. शिरोळ तालुक्यातील कुरुंदवाड येथे तर काही मशिदींतच गणपती बसविला जातो. सांगली जिल्ह्यातील गोटखिंडी येथेही ही प्रथा आहे.

अशा प्रथांकडे कौतुकाने पाहून थांबणे अभ्यासकाला पुरेसे नाही. त्यांचे कार्य काय, हे पाहिले पाहिजे. उत्सवाची वर्गणी, मांडवाची परवानगी, मिरवणुकीची वेळ, विसर्जनाचा क्रम या गोष्टी ठरविण्यासाठी दोन्हीकडील माणसांना दरवर्षी एकत्र बसावे लागते. परिणामी ती एकमेकांना नावाने ओळखतात, एकमेकांच्या घरचा रस्ता त्यांना माहीत असतो. अफवा उठली तर खरेखोटे कोणाला विचारावे हे त्यांना ठाऊक असते. श्रद्धेची देवाणघेवाण हा या प्रथांचा एक भाग झाला. ओळखीची ही व्यवस्था हा दुसरा, आणि दंग्याच्या प्रसंगी तोच अधिक उपयोगी पडतो.

हा संबंध एकतर्फीही नव्हता. मे २०२० मध्ये, करोनाच्या साथीत, इचलकरंजीच्या मुसलमान समाजाने रमजानच्या जकातीतून ३६ लाख रुपये जमवून तेथील इंदिरा गांधी स्मृती रुग्णालयात दहा खाटांचा अतिदक्षता विभाग उभारून दिला. त्या खाटांवर कोणत्या धर्माचा रुग्ण येईल हे कोणी ठरविले नव्हते. शेजारधर्माचे याहून नेमके उदाहरण देणे कठीण.

४. २००९ ते २०२४

ही परंपरा असताही या परिसरात दंगे झाले, ही वस्तुस्थिती झाकून चालणार नाही. सप्टेंबर २००९ मध्ये गणेशोत्सवाच्या काळात मिरज येथे कमानीवरील अफझलखानाच्या चित्रावरून दंगा उसळला आणि तो सांगली, इचलकरंजी व कोल्हापूरपर्यंत पसरला. ७ जून २०२३ रोजी, समाजमाध्यमांवरील काही आक्षेपार्ह मजकुराच्या निषेधार्थ पुकारलेल्या बंदच्या वेळी, कोल्हापूर शहरात दगडफेक झाली, मुसलमानांच्या मालमत्तेची हानी झाली, पोलिसांना लाठीमार व अश्रुधुराचा वापर करावा लागला आणि इंटरनेट सेवा बंद ठेवावी लागली. त्याच वर्षी १० सप्टेंबर रोजी शेजारच्या सातारा जिल्ह्यातील पुसेसावळी येथे जमावाने मशिदीवर हल्ला केला. त्यात एक तरुण मृत्यू पावला.

यानंतरची घटना गजापूरची. शाहूवाडी तालुक्यातील विशाळगडावरील अतिक्रमणांचा प्रश्न दीर्घकाळ वादात होता. गडावर मलिक रेहान यांचा दर्गा असून तेथे दोन्ही धर्मांचे भाविक जातात. अतिक्रमणे हटवावीत यासाठी माजी खासदार संभाजीराजे छत्रपती यांनी १४ जुलै २०२४ रोजी गडावर जाण्याची हाक दिली होती. त्या दिवशी जमावाने गडाच्या वाटेवरील गजापूर गावातील मुसलमानवाडीवर हल्ला केला. मशिदीची मोडतोड झाली, घरे फोडण्यात आली, वाहने जाळण्यात आली. गडावरील अतिक्रमणांशी या वाडीचा काही संबंध नव्हता. १९ जुलै रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ऐन पावसाळ्यात चाललेली गडावरील पाडापाडी थांबविण्याचा आदेश दिला.

गजापूर हे नाव मराठ्यांच्या इतिहासात अपरिचित नाही. जुलै १६६० मध्ये पन्हाळ्याच्या वेढ्यातून निसटून शिवाजीमहाराज विशाळगडाकडे निघाले तेव्हा बाजीप्रभूंनी जी खिंड लढविली ती गजापूरची घोडखिंड होय. पुढे तिला पावनखिंड म्हणू लागले. पन्हाळ्याचा वेढा घालणारा सिद्दी जौहर होता हे सर्वांना ठाऊक आहे. तो वेढा उठविण्यासाठी नेताजी पालकरांबरोबर चालून गेलेल्या सरदारांत सिद्दी हिलाल होता आणि त्या लढाईत त्याचा मुलगा जखमी होऊन शत्रूच्या हाती लागला, याचे स्मरण मात्र थोड्यांनाच असते. इतिहासातील एखादी घटना दोन धर्मांचे युद्ध म्हणून सांगावयाची की स्वराज्याचे कार्य म्हणून, याचा परिणाम साडेतीनशे वर्षांनंतरच्या एका वाडीवर कसा होऊ शकतो, हे गजापूरच्या घटनेने दाखविले.

हल्ल्यानंतर दोन दिवसांनी कोल्हापूरचे खासदार शाहू छत्रपती व आमदार सतेज पाटील यांनी गजापुरात जाऊन घरोघरच्या माणसांना धीर दिला. त्याच महिन्यात कोल्हापूर शहरात सद्भावनेची फेरी निघाली. शाहू छत्रपती हे राजर्षींच्या गादीचे वारस. आणि गडावर जाण्याची हाक देणारे त्यांचे चिरंजीव. एकाच घराण्यात, एकाच वारशाचा उच्चार करीत, दोन भिन्न दिशांना पावले पडली. यावरून व्यक्तींविषयी निवाडा करणे हा या लेखाचा हेतू नाही. वारसा स्वतःहून काहीच ठरवीत नाही. त्याचा कोणता अर्थ लावावयाचा हे त्या त्या वेळच्या माणसांना ठरवावे लागते, एवढाच निष्कर्ष येथे अभिप्रेत आहे.

आणखी एक गोष्ट ध्यानात येते. शहरात तालमी, बोर्डिंग, पेठांच्या ओळखी यांचे जाळे आहे. गजापूरसारख्या दुर्गम वाडीवर येणारा जमाव बाहेरून आला की त्या वाडीच्या शेजाऱ्यांशी त्याची ओळख नसते आणि शेजाऱ्यांचा त्याच्यावर दाब नसतो. शेजारधर्म हा ओळखीच्या परिघात चालतो. परका जमाव हा त्या परिघाबाहेरचा असल्यामुळे केवळ गावाच्या चांगुलपणावर विसंबून राहणे अपुरे ठरते. तेथे शासनाची जबाबदारी सुरू होते, आणि सद्भावनेची भाषा त्या जबाबदारीची जागा घेऊ शकत नाही.

५. भिवंडी, मुंबई व अहमदाबाद

घाव बसण्यापूर्वी उभी राहणारी व्यवस्था कशी असू शकते, याचे उदाहरण भिवंडीने घालून दिले. १९७० व १९८४ अशा दोन भीषण दंग्यांनी हे यंत्रमागाचे शहर होरपळले होते. १९८८ मध्ये तेथे पोलीस उपायुक्त म्हणून आलेले सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या स्थापन केल्या. दोन्ही समाजांतील सामान्य माणसे समसमान प्रमाणात या समित्यांवर घेण्यात आली, आणि नळाचे पाणी, भांडणतंटे, वाहतूक अशा रोजच्या प्रश्नांसाठी त्यांच्या बैठका होऊ लागल्या. डिसेंबर १९९२ व जानेवारी १९९३ मध्ये मुंबईत सुमारे ९०० माणसे मारली गेली. जवळच असलेली भिवंडी शांत राहिली. पुढे मुंबईतही ज्युलिओ रिबेरो, सतीश साहनी व सुशोभा बर्वे यांच्या पुढाकाराने मोहल्ला कमिटीची चळवळ सुरू झाली. धारावीत भाऊ कोर्डे व वकार खान या दोघांनी दंग्यानंतर वस्तीत एकोप्यासाठी दीर्घकाळ काम केले.

या प्रयत्नांमागे त्याहून जुनी आणि अधिक कठोर अशी एक आठवण आहे. १ जुलै १९४६ रोजी अहमदाबादेत रथयात्रेच्या दिवशी दंगा उसळला असता वसंतराव हेगिष्टे व रजबअली लाखाणी हे दोन मित्र जमावाला आवरण्यासाठी गेले आणि दोघेही मारले गेले. हेगिष्टे हे अहमदाबादेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबातील. शेजाऱ्याच्या बाजूने उभे राहण्यात प्राणाचे मोल द्यावे लागू शकते, हे त्या दोघांना ठाऊक नव्हते असे म्हणता येणार नाही. गुजरातेत वसंत-रजब ही जोडनावे आदराने घेतली जातात. महाराष्ट्रात त्यांची आठवण फारशी निघत नाही.

६. समारोप

वरील विवेचनावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली ही की, कोल्हापूर परिसरात मुसलमान शेजाऱ्यांच्या बाजूने उभे राहणे हे परक्या विचारसरणीचे अनुकरण नव्हे. ते येथील भाषेत, गावकीत, तालमीत व राजर्षींच्या संस्थांत रुजलेले आहे. दुसरी ही की, या परंपरेचे बळ तिच्या गौरवात नसून तिच्या नित्य व्यवहारात आहे. बोर्डिंगमध्ये मुलगा प्रत्यक्ष राहतो, कालव्याला प्रत्यक्ष पाणी येते, समितीची बैठक प्रत्यक्ष भरते, तोपर्यंतच सलोखा या शब्दाला अर्थ राहतो. राधानगरीचे धरण ज्यांनी आरंभिले त्यांना ते पुरे झालेले पाहता आले नाही. पुढच्यांनी काम चालू ठेवले म्हणून आज भोगावतीकाठच्या शेतांना पाणी मिळते. सलोख्याचे कामही याच जातीचे आहे.

इतिहासाच्या अभ्यासकांपुढे येथे एक निकडीचे काम उभे आहे. दंग्यानंतर पंचनामे होतात. त्यांत फुटलेली दारे व जळालेली वाहने यांची नोंद असते. परंतु कोणी दार उघडून शेजाऱ्याला आत घेतले, कोणी वाटेत उभे राहून जमावाशी हुज्जत घातली, दुसऱ्या दिवशी कोणी भाकरी पोचविली, याची नोंद कोणत्याही पंचनाम्यात होत नाही. अशा माणसांना आपण काही विशेष केले असे वाटत नसल्यामुळे ती स्वतःहून सांगतही नाहीत. शेजारधर्माच्या कल्पनेतच ही मितभाषा आहे. म्हणून तालमींची जुनी बाडे, वसतिगृहांचे वार्षिक वृत्तान्त, गावोगावच्या शांतता समित्यांच्या बैठकींची इतिवृत्ते आणि वृद्धांच्या मुलाखती ही साधने राधानगरी, शाहूवाडी, शिरोळ या तालुक्यांतून पद्धतशीरपणे गोळा झाली पाहिजेत. २००९ च्या घटना ज्यांनी प्रौढपणी पाहिल्या त्यांतील पुष्कळजण आज वार्धक्यात आहेत. त्यांची साक्ष नोंदविली गेली नाही, तर पुढील पिढ्यांच्या हाती या परिसराचा जो इतिहास पडेल त्यात जमाव असेल आणि शेजारी नसेल. आणि तो इतिहास अपुरा असूनही पुरा मानला जाईल.